रशियन क्रांतीच्या काळातले कारखाना कामगार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियन क्रांतीवर बोलायला उभं राहिलं की सभेत ठरलेले प्रश्न येतात: लेनिन, झार, रास्पुतिन. नंतर चहाच्या वेळी बाजूला घेऊन लोक विचारतात ते वेगळंच असतं. पगारातून किती कापायचे? बायका कामाला होत्या का? क्रांती झाल्यावर संप थांबले का? हे पान त्या चहाच्या वेळच्या प्रश्नांसाठी आहे. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. सांगण्यासारखं जिथे जास्त आहे, तिथे हात सैल सोडलाय.

एकाच घटनेच्या दोन-दोन तारखा का दिसतात?

फेब्रुवारी १९१८ पर्यंत रशियात जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती. एकोणिसाव्या शतकात ती आपल्या कॅलेंडरच्या १२ दिवस मागे होती, विसाव्यात १३ दिवस. म्हणून 'फेब्रुवारी क्रांती' आपल्या हिशेबाने मार्चमध्ये येते आणि 'ऑक्टोबर क्रांती' नोव्हेंबरात. खाली १९१८ च्या आधीच्या तारखा जुन्या पद्धतीनेच दिल्या आहेत.

हे कामगार आले कुठून? शेतकरीच ना मुळात?

बहुतेक हो. १८६१ साली भूदासप्रथा संपली. माणूस मोकळा झाला, पण जमीन फुकट मिळाली नाही. तिचे हप्ते गावाने मिळून सरकारला फेडायचे होते, आणि ते ओझं १९०७ पर्यंत डोक्यावर राहिलं. शेतीत भागेना, म्हणून घरातला एक-दोन पुरुष शहराकडे निघायचा. निघतानाही गावाकडून पासपोर्ट घ्यावा लागे. बाकी थकली किंवा घरच्या कर्त्याचं बिनसलं, तर पासपोर्ट अडायचा.

कामाची बोली कित्येक ठिकाणी ईस्टर ते ईस्टर, नाहीतर ईस्टर ते ऑक्टोबर. कापणीला माणूस गावी जायचा. शहरात आल्यावर आधी शोधायचा तो गाववाला, रशियन भाषेत 'झेमल्याक'. त्याच्या शब्दावर काम मिळायचं आणि त्याच्याच टोळीत जेवणाची सोय व्हायची. दहा-वीस जणांनी पैसे काढून एक स्वयंपाकीण ठेवायची आणि एकाच पातेल्यातून कोबीचं सार खायचं. अशा टोळीला 'आर्तेल' म्हणत. चाकरमानी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यापुढे समजावून सांगायला नको.

मात्र सगळे एका छापाचे नव्हते. पीटर्सबर्गच्या धातू कारखान्यातला टर्नर किंवा फिटर वाचता येणारा, शहरात मुरलेला, बऱ्या पगाराचा असे. मॉस्कोभोवतीच्या कापडगिरण्यांतला विणकर, त्यातही बायका, गावाशी जास्त बांधलेल्या आणि कमी पगाराच्या. ही दरी पुढच्या प्रत्येक संपात दिसते.

राहायचे कुठे?

कापडगिरणीवाल्यांनी गिरणीलगत बराकी बांधल्या होत्या. त्यांत एक तर लांबलचक फळ्यांचे माचे, नाहीतर लहान-लहान खोल्या, आणि एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडं. पीटर्सबर्गात बराकी कमी आणि भाडी जबर. तिथे लोक खोली भाड्याने घेत नसत, खोलीचा कोपरा घेत. रशियन शब्दही तोच, 'उगोल' म्हणजे कोपरा. मध्ये चादर टांगली की झालं घर. ज्याला कोपराही परवडत नसे तो नुसती खाट घ्यायचा, आणि तीही अर्धी: दिवसपाळीवाला उठून गेला की रात्रपाळीवाला त्याच गरम अंथरुणात शिरायचा. या शहराला धड मैलापाण्याची व्यवस्थाच नव्हती. पिण्याचं पाणी नेव्हा नदीतलं, आणि सांडपाणीही तिकडेच जायचं. १९०८ साली साम्राज्याच्या राजधानीत पटकी पसरली, त्याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

कामाचे तास किती? कायदा नव्हता का?

कायदे होते, आणि प्रत्येक कायद्यामागे एक भांडण होतं. १८८२ साली बारा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घ्यायला बंदी झाली. बारा ते पंधराच्या मुलांना आठ तासांची मर्यादा आली आणि कारखाना निरीक्षक नेमले गेले. मोठ्या माणसाला मर्यादाच नव्हती. तेरा-चौदा तास ही सरसकट गोष्ट होती.

ती मर्यादा आली १८९६ च्या पीटर्सबर्ग कापड संपामुळे. निमित्त बघा. मे महिन्यात निकोलस दुसरा याचा राज्याभिषेक झाला. त्या दिवसांत गिरण्या बंद ठेवल्या आणि बंद दिवसांचा पगार पुरता दिला नाही. झाराच्या आनंदाचा खर्च आमच्या खिशातून का, असं म्हणत कामगार बाहेर पडले. बघता बघता तीस हजार माणूस संपावर. सरकारने धरपकड केली, पण पुढच्याच वर्षी २ जून १८९७ रोजी कायदा करून दिवसाचे साडेअकरा तास आणि शनिवारी दहा तास ही कमाल मर्यादा घातली. जादा कामाची पळवाट होतीच, आणि मालकांनी ती मनसोक्त वापरली.

'दंड' हा एवढा मोठा विषय का होता?

कारण दंडाच्या वहीत मालक आणि कामगार यांचं नातं जसं उघडं पडतं, तसं पगारपत्रकात पडत नाही.

फाटकाशी एक फळा असायचा. त्यावर प्रत्येकाचा नंबर असलेला पितळी बिल्ला. भोंगा वाजायच्या आत बिल्ला जागेवर लागला नाही, तर उशिराचा दंड. कापडात दोष निघाला, दंड. खाडा झाला, दंड. मोठ्याने बोलला किंवा गायला, तरी दंड. कापड चांगलं की वाईट हे ठरवणार मालकाचाच माणूस, आणि दंडाचे पैसे जाणार मालकाच्याच खिशात. म्हणजे चूक काढणाऱ्याला चूक काढण्यातच फायदा.

मॉस्कोच्या पूर्वेला ओरेखोवो-झुयेवो इथे तिमोफेय मोरोझोवची निकोल्स्काया गिरणी होती, देशातल्या बड्या गिरण्यांपैकी एक. १८८२ ते ८४ या काळात तिथे पाच वेळा मजुरी कापली. वर दंड असे, की कित्येकांच्या रुबलातले चार आणे, तर काहींचे आठ आणे त्यातच जायचे. ७ जानेवारी १८८५ हा सणाचा दिवस होता. त्या दिवशी कामावर या, असा हुकूम निघाला. कामगार आले आणि दिवे मालवून बाहेर पडले. प्योत्र मोइसेयेन्को आणि वसिली वोल्कोव हे दोन विणकर पुढे होते. जवळपास आठ हजार जण संपावर गेले. गिरणीचं दुकान आणि नावडत्या मुकादमाचं घर लोकांनी फोडलं, मग सैन्य आलं, शेकडो लोकांना धरून गावी पाठवलं.

खरी गंमत पुढे कोर्टात झाली. १८८६ साली व्लादिमीर शहरात ज्युरीपुढे खटला चालला आणि दंडाच्या वह्या वाचून दाखवल्या गेल्या. आरोपींबद्दल ज्युरीला १०१ प्रश्न विचारले गेले, आणि सगळ्यांना उत्तर आलं: दोषी नाही. मिखाईल कात्कोव या सनातनी संपादकाने चडफडत लिहिलं, की रशियात कामगार-प्रश्न जन्मल्याची ही १०१ तोफांची सलामी आहे. मोइसेयेन्कोला निर्दोष सुटूनही सरकारने हद्दपार केलंच.

त्याच वर्षी ३ जूनचा कायदा झाला. दंड मजुरीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त नको, दंडाची रक्कम मालकाकडे न जाता कामगारांसाठीच्या निधीत जावी, प्रत्येकाला हिशेबाची वही मिळावी, पगार महिन्यातून किमान एकदा आणि रोखीत व्हावा. दुसऱ्या हाताने याच कायद्याने संपाची चिथावणी देणाऱ्याला चार ते आठ महिन्यांचा तुरुंग ठेवला. याच सुमाराला मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा घेऊन रविवारची सुट्टी मागत होते. लोखंड्यांना आणि या रशियन विणकरांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

बोल्शेविकांना, म्हणजे लेनिनच्या पक्षाला, पैसे देणारा मोरोझोव तो हाच का?

नाही, त्याचा मुलगा साव्वा. त्याने मॉस्को आर्ट थिएटर उभं करायला पैसा दिला, क्रांतिकारकांनाही दिला, आणि १९०५ साली फ्रान्समध्ये गोळी लागून गेला. आत्महत्या की खून, हा वाद अजून मिटलेला नाही.

संपाच्या मागण्यांत 'सभ्यपणे बोला' अशी मागणी असायची म्हणे. खरं का?

अगदी खरं. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी मागणीही तीच.

रशियन भाषेत मराठीसारखाच भेद आहे: 'ती' म्हणजे तू आणि 'वी' म्हणजे तुम्ही. मुकादम कामगाराला सरसकट 'तू' म्हणायचा, मग कामगार पन्नाशीचा आणि मुकादम पंचविशीचा का असेना. इंग्रजीत वाचणाऱ्याला यात एवढं काय ते कळत नाही. आपल्याला चटकन कळतं, कारण ऑफिसात कोण कोणाला अरे-तुरे करतो यावरून सगळी उतरंड समजते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, विशेषतः १९०५ नंतर, मजुरी आणि तासांच्या जोडीला ही मागणी ठिकठिकाणच्या याद्यांत येत राहिली: आम्हाला 'तुम्ही' म्हणा.

तिच्या शेजारची दुसरी मागणी, फाटकावरची झडती बंद करा. पाळी सुटली की रांग लावायची, हात वर करायचे, आणि पहारेकरी अंग चाचपणार. धातूचा तुकडा किंवा सूत लपवलंय का ते बघायला. बायकांचीही झडती व्हायची, आणि ती कशी व्हायची याच्या तक्रारी त्या काळच्या कामगार पत्रांत भरलेल्या आहेत.

आणि ही बाजूही गमतीची: १९०५ च्या जानेवारीत कामगारांनी झाराला जो अर्ज लिहिला, त्यात झाराला 'तू' म्हटलंय. रशियनमध्ये देव आणि झार दोघेही 'तू'चे धनी, जसा आपला विठोबा. मुकादमाने मात्र 'तुम्ही' म्हणायला हवं. मला यात विसंगती दिसत नाही. 'तू' कोणाच्या तोंडून येतो, त्यावर सगळं आहे.

पोलिसांनीच कामगार संघटना काढल्या होत्या, हे कसं काय?

मॉस्कोच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख सेर्गेई झुबातोव याची ती कल्पना. कामगाराला राजकारणापासून दूर ठेवायचं असेल तर त्याची पोटाची गाऱ्हाणी आपणच ऐकावीत, असा त्याचा हिशेब होता. १९०१ पासून त्याच्या संघटना चालल्याही. पण १९०३ साली दक्षिण रशियात संपांचा वणवा पेटला, ओडेसात झुबातोवचीच माणसं त्यात सापडली, आणि त्याची नोकरी गेली.

पीटर्सबर्गात तोच धागा पाद्री गिओर्गी गापोनने उचलला. त्याच्या कामगार सभेला सरकारची परवानगी होती. चहा, व्याख्यानं, गाणं-बजावणं चालायचं. डिसेंबर १९०४ मध्ये पुतिलोव कारखान्यात त्या सभेच्या चार सदस्यांना काढून टाकल्याचं प्रकरण झालं. चौघांना परत घ्या, एवढीच मागणी. ती धुडकावली, तेव्हा ३ जानेवारी १९०५ ला पुतिलोव बंद पडला आणि आठवडाभरात लाखावर माणूस संपावर गेला.

९ जानेवारी १९०५ ला नेमकं काय झालं?

रविवार होता. कामगार बायकापोरांसह, झाराच्या तसबिरी आणि देवाच्या मूर्तिचित्रांसह, वेगवेगळ्या भागांतून हिवाळी राजवाड्याकडे निघाले. हातात अर्ज: आठ तासांचा दिवस, वाजवी मजुरी, संघटनेचा हक्क, आणि लोकप्रतिनिधींची सभा. झार राजवाड्यात नव्हताच, तो शहराबाहेर त्सारस्कोये सेलोला होता. सैन्याने नार्वा वेशीपाशी, पुलांजवळ आणि राजवाड्यासमोर गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा सुमारे १३० मृतांचा. बाकीचे अंदाज त्याहून बरेच मोठे. गापोन वाचला, परदेशी पळाला, परत येऊन पुन्हा पोलिसांशी संधान बांधलं. १९०६ साली क्रांतिकारकांनीच त्याला एका रिकाम्या बंगल्यात फासावर लटकवलं.

१९०५ चा सार्वत्रिक संप स्वल्पविरामावरून झाला, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही, फक्त थोडी ताणलेली गोष्ट आहे. मॉस्कोच्या सितिन छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांना हजार अक्षरांमागे मजुरी मिळायची. अक्षरं मोजताना विरामचिन्हं धरत नसत. पूर्णविरामाचा खिळाही बोटांनीच उचलून बसवावा लागतो, त्याचे पैसे का नाहीत? सप्टेंबर १९०५ मध्ये कमी तास आणि वाढीव दर मागताना 'विरामचिन्हंही मोजा' ही मागणी आली. संप इतर छापखान्यांत पसरला, मग पाववाल्यांत, आणि ऑक्टोबरात रेल्वेत. रेल्वे थांबली तशी सगळी रशिया थांबली. १७ ऑक्टोबरला झाराला नागरी हक्क आणि निवडून आलेल्या दूमाचं, म्हणजे संसदेचं, वचन देणारा जाहीरनामा काढावा लागला. स्वल्पविरामाने झार हलला असं नाही. जपानशी हरलेलं युद्ध आणि शेतकऱ्यांचे दंगे यांनी तो आधीच खिळखिळा झाला होता.

'सोव्हिएत' हा शब्द कुठून आला?

शब्दाचा अर्थ साधा, सल्ला किंवा सल्लागार मंडळ. मे १९०५ मध्ये इवानोवो-वोझ्नेसेन्स्क या कापडगिरण्यांच्या गावात संप झाला. प्रत्येक गिरणीने प्रतिनिधी निवडले, एकूण १५१, त्यांत बायकाही. हे मंडळ ताल्का नदीच्या काठावर उघड्यावर भरायचं. मालकांशी बोलणी, संपनिधीचं वाटप, गावातला बंदोबस्त, सगळं तेच बघायचं. ३ जूनला नदीकाठच्या सभेवर कोसॅक, म्हणजे झाराचे घोडेस्वार, घालण्यात आले. तरीही संप ७२ दिवस चालला आणि थोड्याफार सवलती घेऊन मिटला. ऑक्टोबरात पीटर्सबर्गने हाच नमुना उचलला आणि शब्द जगभर गेला. ताल्काच्या काठी बसलेल्या विणकरांना आपण पुढे एका महासत्तेचं नाव ठरवतोय, याची कल्पना नसणार.

लेना हत्याकांड म्हणजे काय?

सायबेरियात लेना नदीच्या उपनद्यांवर, बोदाइबोजवळ सोन्याच्या खाणी. जवळचं रेल्वे स्टेशन शेकडो मैल दूर. गोठलेल्या जमिनीखाली, बर्फाच्या पाण्यात गुडघाभर उभं राहून काम, आणि पगाराचा एक भाग कंपनीच्या दुकानातच वटणाऱ्या चिठ्ठ्यांत. माल महाग आणि सडका. २९ फेब्रुवारी १९१२ रोजी आंद्रेयेव्स्की खाणीवर दुकानातून आणलेलं मांस घोड्याचं निघालं, आणि संप सुरू झाला. थोड्याच दिवसांत सहा हजार जण त्यात आले. मागण्यांत आठ तास, तीस टक्के वाढ, दंड बंद, आणि इथेही 'तुम्ही' म्हणा.

अधिकाऱ्यांनी पुढाऱ्यांना रात्रीतून पकडलं आणि सांगितलं, की बाकीचे बिचारे चिथावणीला बळी पडलेत. कामगारांनी त्यावर काय केलं? प्रत्येकाने आपापली चिठ्ठी तयार केली: मी स्वतःच्या मर्जीने संपावर आहे, मला कोणी भरीस घातलेलं नाही. ४ एप्रिलला अडीच-तीन हजार जण या चिठ्ठ्या खिशात घालून सरकारी वकिलाला द्यायला निघाले. वाटेत नादेझ्दिन्स्की खाणीजवळ कॅप्टन त्रेश्चेन्कोवने गोळीबाराचा हुकूम दिला. मृतांचे आकडे दीडशेपासून पावणेतीनशेपर्यंत सांगतात. दूमात गृहमंत्री माकारोव उठून म्हणाला, असंच होत आलंय आणि पुढेही असंच होईल. १९०५ नंतर थंड पडलेली कामगार चळवळ या एका वाक्याने पेटली. त्या वसंतात लाखो कामगारांनी काम थांबवलं. सरकारबाहेरच्या स्वतंत्र चौकशीसाठी जो तरुण वकील लेनाला गेला, त्याचं नाव अलेक्सांद्र केरेन्स्की. १९१७ मध्ये हंगामी सरकारचा प्रमुख झाला तो हाच.

टिळकांच्या शिक्षेवरून मुंबईत झालेल्या संपाचा रशियाशी संबंध होता का?

थेट संबंध नाही, पण नजर होती. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप पाळला. परदेशात परागंदा असलेल्या लेनिनने त्याच वर्षी त्यावर लिहिलं, की हिंदुस्थानातला कामगारवर्ग आता राजकीय लढ्याला पुरेसा परिपक्व झालाय. उलट दिशेचा प्रवाह १९१७ नंतरचा. १९२८ च्या मोठ्या संपात लाल बावटा गिरणी कामगार युनियनने रशियाची उदाहरणं मुंबईच्या साचेखात्यापर्यंत नेली.

१९१७ ची क्रांती बायकांनी सुरू केली, असं म्हणतात ते बरोबर आहे का?

हो. पुरुषांच्या संघटनांनी त्या दिवशी काही करू नका, असं सांगितलेलं असताना केली.

महायुद्धामुळे पुरुष आघाडीवर गेले. १९१७ पर्यंत कारखान्यांतल्या पाच कामगारांमागे दोन बायका होत्या. दहा-बारा तास यंत्रावर उभं राहायचं आणि सुटल्यावर पावाच्या रांगेत, थंडीत, कधी रात्रभर. देशात धान्य नव्हतं असं नाही. रेल्वे कोलमडली होती आणि पेत्रोग्राडपर्यंत (पीटर्सबर्गचं १९१४ पासूनचं नाव) पीठ नि कोळसा धड पोचत नव्हता. २२ फेब्रुवारीला पुतिलोवने टाळेबंदी केली. २३ ला आंतरराष्ट्रीय महिला दिन. वीबोर्ग भागातल्या कापडगिरण्यांतल्या बायका काम टाकून रस्त्यावर आल्या आणि शेजारच्या धातू कारखान्यांपुढे गेल्या. नोबेल कारखान्यातल्या एका कामगाराने पुढे आठवण लिहून ठेवली आहे: गल्ली बायकांनी भरली होती, 'पाव!' असा आरडाओरडा चालला होता, खिडकीत आम्ही दिसलो तशा त्या हात हलवून बोलावू लागल्या, आणि खिडक्यांवर बर्फाचे गोळे येऊन आदळले. पुरुष बाहेर आले.

पोलिसांनी पूल अडवले, तेव्हा लोक गोठलेल्या नेव्हावरून चालत मध्यशहरात गेले. दोन दिवसांत दोन लाखांवर संपकरी, मग सैनिक फिरले, आणि आठवडाभरात तीनशे वर्षांचं रोमानोव घराणं संपलं.

फेब्रुवारी ते ऑक्टोबर कारखान्यांत काय चाललं होतं?

आधी हिशेब चुकते झाले. छळवादी मुकादमाच्या डोक्यावर पोतं टाकायचं, कधी शेंदरी रंग ओतायचा, आणि हातगाडीत घालून फाटकाबाहेर नेऊन ओतायचं. जमल्यास जवळच्या कालव्यात. हातगाडीवरून काढलेला माणूस त्या कारखान्यात पुन्हा तोंड दाखवत नसे. क्रूर होतं, आणि काही ठिकाणी वैयक्तिक दावेही साधले गेले. पण वर्षानुवर्षं दंडाची वही ज्याच्या हातात होती त्याला नुसतं हातगाडीत बसवलं, यात मला संयमही दिसतो.

१० मार्चला पेत्रोग्राडच्या मालकांनी सोव्हिएतशी करार करून आठ तासांचा दिवस मान्य केला. १९०५ साली झाराला लिहिलेल्या अर्जातली ती मागणी बारा वर्षांनी पुरी झाली. कारखाना समित्या निघाल्या: कोणाला कामावर घ्यायचं, कोळसा कुठून आणायचा, पहारा कोणाचा, झडती बंद की चालू, सगळं त्या ठरवू लागल्या. मे महिन्यात धुलाईच्या बायकांनी संप केला. हॉटेलातल्या वेटरांनी 'बक्षिसी नको, पगार द्या' म्हणत मोर्चा काढला.

महागाईने मात्र प्रत्येक पगारवाढ खाऊन टाकली. कच्चा माल नाही म्हणून मालक कारखाने बंद करू लागले. ऑगस्टमध्ये बडे भांडवलदार पावेल र्याबुशिन्स्की भुकेच्या हाडकुळ्या हाताबद्दल बोलले, आणि कामगारांनी त्याचा अर्थ लावला, आपल्याला उपाशी ठेवून वठणीवर आणायचा बेत आहे.

म्हणजे सगळे कामगार बोल्शेविक होते?

नाही. वसंतात मेन्शेविक आणि समाजवादी-क्रांतिकारक या दुसऱ्या दोन समाजवादी पक्षांचं वजन जास्त होतं. शरदापर्यंत मोठ्या शहरांतले कामगार बोल्शेविकांकडे झुकले, कारण युद्ध थांबवा आणि सत्ता सोव्हिएतांना द्या असं स्वच्छ बोलणारे तेच उरले होते. पुष्कळांना पक्ष नव्हताच.

ऑक्टोबरनंतर कामगारांचं राज्य आलं. मग संप कशाला?

कारण पाव आला नाही. हा प्रश्न चहाच्या वेळीही जरा दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

ऑक्टोबरात सत्ता घेतलेल्या बोल्शेविक सरकारने चार दिवसांत आठ तासांचा कायदा केला आणि नोव्हेंबरात कारखान्यांवर कामगार-नियंत्रणाचा हुकूम काढला. पण युद्धाच्या ऑर्डरी थांबल्या, पेत्रोग्राडचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि १९१८ च्या सुरुवातीला पावाचं रेशन काही दिवस माणशी ५० ग्रॅमवर आलं. पावाचा एक जाडसर काप, दिवसभरासाठी. मार्चमध्ये पेत्रोग्राडच्या कामगारांनी स्वतःचं वेगळं प्रतिनिधी मंडळ काढलं, कारण सोव्हिएतांच्या नव्या निवडणुका होत नव्हत्या. मे महिन्यात जवळच्या कोल्पिनो गावात अन्नासाठी जमलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. जुलैत पुकारलेला सार्वत्रिक संप फसला आणि ते मंडळ मोडून काढण्यात आलं. १९१९ च्या मार्चमध्ये पुतिलोव पुन्हा संपावर, तोच पुतिलोव. त्याच महिन्यात आस्त्राखानात संपकऱ्यांवर झालेल्या कारवाईत मोठ्या संख्येने माणसं मारली गेली.

समित्यांची जागा हळूहळू एकाच व्यवस्थापकाने घेतली. १९२० साली कामगारांना सैन्यासारखं हुकमावर हलवायची भाषा लाल सैन्याचे प्रमुख त्रोत्स्की बोलू लागले. काम सोडून जाणं म्हणजे सैन्यातून पळून जाणं.

कारखान्याच्या आत या काळात काय बनत होतं? सिगारेटचे लायटर. पगाराच्या नोटांना किंमत नव्हती, म्हणून टर्नर कामाच्या वेळात, कारखान्याच्याच पितळेतून लायटर, कुऱ्हाडी, स्टोव्ह बनवायचा आणि ते पोत्यात घालून, रेल्वेच्या टपावर बसून खेड्यात जाऊन पिठाशी बदलायचा. परतताना वाटेत सरकारी अडवणूक पथकं पीठ जप्त करायची. ज्यांची गावाकडे जमीन होती ते कायमचेच गेले. पेत्रोग्राडची वस्ती १९१७ साली तेवीस-चोवीस लाख होती. १९२० मध्ये सात लाखांच्या आसपास उरली.

क्रोनश्टाटचा या कामगारांशी काय संबंध?

क्रोनश्टाट म्हणजे पेत्रोग्राडजवळच्या बेटावरचा नौदलाचा तळ. १९२१ मध्ये तिथले खलाशी बोल्शेविक सरकारविरुद्ध पेटले ते कामगारांकडे बघून. जानेवारी १९२१ मध्ये पावाचं रेशन एक-तृतीयांशाने कापलं गेलं, जळणाअभावी पेत्रोग्राडचे कारखाने बंद झाले. फेब्रुवारीत त्रुबोच्नी कारखान्यापासून संपाची लाट उठली. मागण्या: अडवणूक पथकं हटवा, खेड्यातून धान्य आणू द्या, बोलायची मोकळीक द्या. लष्करी कायदा लागला. क्रोनश्टाट बेटावरच्या खलाशांनी शिष्टमंडळ पाठवून कारखान्यांत डोकावून पाहिलं आणि परत जाऊन ठराव केला. त्यात सर्वांना सारखं रेशन हेही कलम होतं. मार्चच्या मध्यावर गोठलेल्या समुद्रावरून सैन्य घालून ते बंड चिरडलं. त्याच दिवसांत पक्षाच्या दहाव्या काँग्रेसने धान्याची सक्तीची वसुली थांबवून कर घेण्याचं ठरवलं, म्हणजे संपकऱ्यांची एक मोठी मागणी मान्य केली. मागणारे तोवर कोठडीत होते.

आणि १९२१ नंतर? संप थांबले?

नाही, फक्त बातम्या थांबल्या. १९२० च्या दशकात थकलेल्या पगारासाठी लहान-मोठे संप होतच होते. पुतिलोवचं नाव बदलून 'लाल पुतिलोववाला' झालं आणि १९३४ मध्ये किरोव कारखाना.

एप्रिल १९३२ मध्ये इवानोवो भागात रेशन पुन्हा कापलं गेलं, तेव्हा विचुगा आणि तेइकोवो इथल्या गिरण्या बंद पडल्या. विचुगात विणकरांनी सरकारी कचेऱ्यांवर चाल केली, गोळीबार झाला आणि स्टालिनचा उजवा हात असलेल्या खुद्द कागानोविचला मॉस्कोहून धाव घ्यावी लागली. तेइकोवोचे कामगार आपलं गाऱ्हाणं घेऊन पायी निघाले. कुठे, तर इवानोवोला, जिथे सत्तावीस वर्षांपूर्वी ताल्काच्या काठी पहिली सोव्हिएत बसली होती.